छोट्या नर्सिंग होमचा दर्जा कोण घडवतो?

१. सातव्या महिन्यातला प्रश्न

घरात लेक किंवा सून गरोदर असली आणि सातवा महिना लागला, की रावेर तालुक्यात एक प्रश्न हमखास निघतो. बाळंतपण इथेच करायचे, की भुसावळ-जळगावला न्यायचे? गावात ग्रामीण रुग्णालय आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांची दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात ठिकठिकाणी दिसतात. राज्याची हद्द ओलांडली की बऱ्हाणपूरही जवळच. निर्णय मात्र बहुतेकदा तीनच गोष्टींवर होतो: डॉक्टरांचा हातगुण, बिलाचा अंदाज आणि शेजारणीचा अनुभव. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक आहेत, पण बाळंतपण सुरक्षित होईल की नाही हे त्यांतल्या एकीवरूनही कळत नाही.

घरी की दवाखान्यात, हा जुना वाद महाराष्ट्रात जवळजवळ संपला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत असल्याचे आढळले. आता विचारायचे ते पुढचे. दवाखान्याच्या दारातून आत गेल्यावर बाईच्या वाट्याला जी सेवा येते, तिचा दर्जा कोण पाहतो आणि तो सुधारतो कसा?

२. ‘आमच्याकडे आजवर काही झाले नाही’

दर्जाचा विषय काढला की अनेक नर्सिंग होममधून हे उत्तर येते आणि ते प्रामाणिक असते. तरीही तो पुरावा धरता येत नाही. का, ते एका साध्या हिशेबावरून समजते.

एक लाख जिवंत बाळांच्या जन्मामागे किती माता गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत त्या कारणाने दगावल्या, या आकड्याला मातामृत्यू प्रमाण म्हणतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण २००४–०६ मध्ये १३० होते. २०१८–२० मध्ये ते ३३ वर आले. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते. लाखात ३३ म्हणजे ढोबळमानाने तीन हजार बाळंतपणांत एक मृत्यू.

आता समजा, एका नर्सिंग होममध्ये महिन्याला ३० बाळंतपणे होतात. वर्षाची झाली ३६०. तीन हजारांचा आकडा गाठायला त्या नर्सिंग होमला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे तिथली सेवा अगदी सरासरी असली, तरी डॉक्टरांना सात-आठ वर्षे एकही मातामृत्यू दिसला नाही, असे घडू शकते. सेवा सरासरीहून दुपटीने वाईट असली, तरीही चार वर्षे बिनघोर जाऊ शकतात. एकट्या माणसाचा अनुभव या बाबतीत फार अपुरा पडतो. आपल्या पद्धतीत खोट आहे हे ज्या दिवशी कळते, त्या दिवशी एक घर उद्ध्वस्त झालेले असते.

म्हणून दर्जाचे मोजमाप मृत्यूंवरून करून चालत नाही. रोजच्या कामात काय केले गेले आणि काय राहून गेले, हे पाहावे लागते. शेकडो नर्सिंग होमचा अनुभव एकत्र करून त्यातून निकष काढणारी, आणि बाहेरून येऊन ते तपासणारी यंत्रणा लागते. डॉक्टर, शासन आणि संस्था यांच्या भागीदारीची गरज उभी राहते ती इथे.

३. वार पडल्यानंतरचे दोन तास

कोणत्या गोष्टी पाहायच्या, हे समजण्यासाठी बाळंतपणातला सर्वांत धोक्याचा भाग नीट पाहिला पाहिजे. बाळ बाहेर आले, की घरचे लोक पेढ्यांच्या तयारीला लागतात. बाळंतिणीचा धोका मात्र नेमका तेव्हा सुरू होतो. वार सुटली की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय घट्ट आवळले गेले, की त्या आपोआप दाबल्या जातात. गर्भाशय सैल राहिले, तर रक्त वाहतच राहते. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर त्याला प्रसूतीपश्चात रक्तस्राव म्हणतात. उपचार न मिळाल्यास जोराच्या रक्तस्रावाने साधारण दोन तासांत बाई दगावू शकते. सातपुड्यातल्या पाल भागातून आलेल्या एखाद्या तडवी किंवा पावरा बाईचे हिमोग्लोबिन मुळातच सात-आठ असेल, तर तिच्या हाती तेवढाही वेळ नसतो.

रावेर ते जळगाव हे अंतर साठ-सत्तर किलोमीटर आहे. सावदा, भुसावळ करत, केळीच्या गाड्या चुकवत जाणाऱ्या रुग्णवाहिकेचा वेळ त्या दोन तासांतून वजा करावा लागतो. रक्तस्राव सुरू झाल्यावर काय करायचे, यापेक्षा तो सुरूच होऊ नये म्हणून काय केले, हे तालुक्याच्या गावी म्हणूनच अधिक मोलाचे ठरते.

उपाय माहीत आहे आणि स्वस्तही आहे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दंडात किंवा मांडीत द्यायचे. त्याने गर्भाशय आवळते. पण हे औषध उष्णतेने निकामी होत जाते, त्याला २ ते ८ अंश सेल्सिअसची थंडी लागते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात वादळाने तारा तुटल्या, दुपारभर वीज गेली आणि फ्रीज इन्व्हर्टरला जोडलेला नसला, तर ऑक्सिटोसिन बाहेरून जसेच्या तसे दिसते पण त्याचा जोर कमी झालेला असतो. सिस्टर वेळेवर इंजेक्शन देते, कागदावर नोंदही होते, आणि गर्भाशय मात्र आवळत नाही. इथे डॉक्टरांचे कौशल्य कमी पडलेले नसते. फ्रीजमधला तापमापक दिवसातून दोनदा पाहून वहीत आकडा लिहिणे हे कोणाचेच काम म्हणून ठरलेले नसते, खोट तिथे असते.

दुसरी अडचण मोजण्याची. चादर, गॉज, जमीन यांवर पसरलेले रक्त नजरेने पाहिले, तर मुरलेली माणसेसुद्धा ते खऱ्यापेक्षा कमी धरतात. रावेरचा केळीचा व्यापारी भरलेल्या गाडीचे वजन नजरेने सांगत नाही, ती काट्यावर चढवतो. बाळंतिणीच्या रक्तासाठी असा काटा तयार झाला तो बेळगावात. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि अमेरिकी संशोधक यांनी मिळून आसपासच्या खेड्यांत एक अभ्यास केला. कमरेखाली पसरायचे प्लास्टिकचे कापड, त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा, असे साधन त्यासाठी वापरले. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १,६२० बायकांपैकी ज्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के होते. ज्यांना दिल्या नाहीत, त्यांच्यात १२ टक्के. गोळ्या देणाऱ्या होत्या एएनएम, म्हणजे खेड्यातल्या परिचारिका. पुढे अशाच मोजपिशवीच्या आधारे आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर मोठा अभ्यास झाला. रक्तस्राव वेळीच ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्याने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले.

थंड ठेवलेले औषध, मोजण्याची पिशवी, हात तयार असलेली सिस्टर, जवळ रक्त आणि दारात गाडी. दर्जा म्हणतात तो या सगळ्यांचा मिळून. यांतली प्रत्येक गोष्ट एकट्या डॉक्टरांच्या हातात नसते.

४. ‘मान्यता’ : कोणी काय आणले

देशभरातल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांचा महासंघ म्हणजे फॉग्सी. त्याने खासगी प्रसूतिगृहांसाठी ‘मान्यता’ नावाचा उपक्रम सुरू केला. गरोदरपणाच्या तपासण्यांपासून बाळंतिणीला घरी सोडण्यापर्यंतचे १६ वैद्यकीय निकष त्यात ठरवले आहेत. जपायगो ही मातांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था प्रशिक्षणाच्या बाजूने त्यात सहभागी झाली, तर आर्थिक पाठबळ ‘मर्क’ या औषधकंपनीच्या मातृआरोग्य उपक्रमाकडून आले. कंपनीचा पैसा कुठे लागला आहे, हे वाचकाला ठाऊक असलेले बरे. निकष मात्र सगळे सर्वमान्य वैद्यकशास्त्रातले आहेत, त्यात एखादे विशिष्ट औषध खपवण्याचा भाग नाही.

सरकारी दवाखान्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आणला, तो प्रसूतिकक्ष आणि प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाचा दर्जा सुधारण्यासाठी. महाराष्ट्राने या दोहोंची सांगड घातली आणि खासगी नर्सिंग होमसाठी ‘लक्ष्य-मान्यता’ सुरू केले. मान्यतेचे १६ वैद्यकीय निकष आणि त्यांच्या जोडीला जागा, साधने, नोंदी अशा व्यवस्थेचे १० निकष, मिळून २६.

यात प्रत्येकाने आणलेली गोष्ट वेगळी आहे. महासंघाकडे डॉक्टरांचा विश्वास आहे. तपासायला येणारा आपल्याच व्यवसायातला ज्येष्ठ असला, की डॉक्टर आपल्या उणिवा मोकळेपणाने दाखवतात. शासनाचा शिक्का असल्याने प्रमाणपत्राला वजन येते. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे शिकवण्याची हातोटी आणि साधने असतात. नर्सिंग होम आपला वेळ आणि आपली माणसे देते. आधी कुठे काय कमी आहे त्याची पाहणी, मग जागेवर प्रशिक्षण, मग सुधारणा आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकाची तपासणी, असा हा क्रम असतो.

५. निकष प्रत्यक्षात कसे दिसतात

सोळाही निकष इथे मांडण्याची गरज नाही. काही अगदी साधे आहेत आणि तेच सर्वाधिक चुकतात.

प्रसूतिकक्षाची तयारी दररोज तपासायची, हा त्यांपैकी एक. बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा टेबलाशेजारी आहे का, मुखवटा नवजात बाळाच्या मापाचा आहे का, ऑक्सिजनच्या सिलिंडरला चावी अडकवलेली आहे का? जन्मणाऱ्या दर दहा बाळांत साधारण एकाला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. बाळ रडले नाही तर पुसणे, अंग चोळणे, नाकतोंड मोकळे करणे आणि तरी श्वास नसेल तर पिशवीने हवा देणे, हे सगळे पहिल्या मिनिटात सुरू व्हायला हवे. त्या मिनिटात कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो.

झटक्यांचा निकष तसाच. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब वाढतो, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढची पायरी म्हणजे झटके. मॅग्नेशियम सल्फेट हे त्यावरचे औषध जुने, स्वस्त आणि खात्रीचे आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. तरी लहान ठिकाणी ते द्यायला हात कचरतो आणि ‘जळगावला घेऊन जा’ म्हणून चिठ्ठी दिली जाते. रुग्णवाहिकेत बसवण्यापूर्वी पहिली मात्रा दिलीच पाहिजे, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, असे शासनाच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेली असली, तर पुढच्या डॉक्टरांची दहा-पंधरा मिनिटे वाचतात.

आदराची वागणूक हाही सोळांतला स्वतंत्र निकष आहे आणि तो इतरांच्या बरोबरीने तपासला जातो, हे विशेष. कळा देणाऱ्या बाईवर ओरडायचे नाही, मारायचे नाही, पडदा लावायचा, काय करणार आहोत ते आधी सांगायचे आणि तिच्या ओळखीची एक बाई सोबत राहू द्यायची. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत असल्याने इथे आई बहुधा बरोबर असतेच, पण तिला दाराबाहेर बाकावर बसवले जाते. ती आत असली तर बाईला धीर येतो, शिवाय सिस्टर दुसऱ्या खोलीत असताना वाढलेला रक्तस्राव पाहणारे एक माणूस खाटेजवळ असते.

शेवटचा निकष सिझेरियनचा आणि कुटुंबांचा सर्वाधिक संशय याच विषयाभोवती असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांत साधारण एक सिझेरियन होते आणि खासगी दवाखान्यांतले प्रमाण सरकारीच्या सुमारे दुप्पट आहे. नुसत्या टक्केवारीवरून डॉक्टरला दोषी धरणे अन्यायाचे होईल, कारण अडलेली प्रकरणे ज्याच्याकडे पाठवली जातात, त्याचा आकडा वाढणारच. म्हणून बायकांचे दहा गट पाडण्याची रॉबसन पद्धत वापरतात. पहिलटकरीण, पूर्ण दिवस भरलेले, पोटात एकच बाळ, डोके खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या: हा पहिला गट. या गटात सिझेरियन कमी असायला हवे. एखाद्या नर्सिंग होममध्ये इथेच ते जास्त असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे. आधीचे सिझेरियन झालेल्यांच्या गटात आकडा मोठा असेल, तर त्याचे कारण उघड आहे. डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी आपले आकडे या दहा खणांत मांडून पाहावेत, एवढेच निकष मागतो.

६. सिस्टर

या सगळ्या रचनेचा खरा भार सिस्टरवर आहे. डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात असतात, शस्त्रक्रियेत असतात, रात्री वरच्या मजल्यावर झोपलेले असतात. बाळंतिणीच्या खाटेशी रात्री दोन वाजता सिस्टर असते आणि तिच्या जोडीला मावशी. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याने प्रसूतिगृहात पात्र सुईण-परिचारिका असणे आवश्यक धरले आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी शिकलेली परिचारिका मिळणे कठीण आणि टिकणे त्याहून कठीण, कारण ती सरकारी जागेची किंवा मोठ्या शहरातल्या पगाराची वाट पाहत असते. मग बारावी झालेल्या मुलीला हाताखाली घेऊन काम शिकवले जाते.

अशा ठिकाणच्या सिस्टरना जळगावला किंवा पुण्याला नेऊन भाषणे ऐकवण्याचा उपयोग नसतो. मान्यतेची पद्धत इथे वेगळी आहे आणि ती या उपक्रमातली सर्वांत कामाची गोष्ट म्हणावी लागेल. प्रशिक्षक नर्सिंग होममध्येच येतात. पुतळ्यावर, त्याच टेबलावर, त्याच ट्रेमधल्या साधनांनी सराव करून घेतात. ‘बाळ रडले नाही, चल, कर’ असे म्हणून घड्याळ लावतात. पहिल्यांदा हात थरथरतो. पुन्हा पुन्हा केल्यावर तो आपोआप चालतो. डॉक्टर शेजारी उभे राहून हा सराव पाहतात, तेव्हा इन्व्हर्टर का हवा, ट्रे कुठे ठेवायचा, हेही त्यांना सिस्टरच्या तोंडून कळते. एरवी तिने हे सांगितले नसते.

७. यादी पुरत नाही

कागदावर खुणा करण्याने बाळंतपणे सुरक्षित होतात, असा समज मात्र होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची यादी घेऊन उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात १२० दवाखान्यांत मोठा प्रयोग झाला. दीड लाखाहून अधिक माता आणि बाळे त्यात होती. यादी आणि तिच्या जोडीला प्रशिक्षक दिलेल्या ठिकाणी कामाच्या पद्धती स्पष्टपणे सुधारल्या. माता आणि बाळांच्या मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. या निष्कर्षाने अनेकांची निराशा झाली, पण त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हात धुतले, इंजेक्शन दिले, वजन केले, तरी गुंतागुंत झालेल्या बाईला रक्त, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता कुठून मिळणार हा प्रश्न यादी सोडवत नाही. त्यासाठी नर्सिंग होमच्या भिंतीबाहेरची जोडणी लागते.

रावेरच्या बाबतीत ही जोडणी म्हणजे ग्रामीण रुग्णालय, २०१४ पासून राज्यात मोफत धावणारी १०८ रुग्णवाहिका, जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रक्तपेढ्या. पाठवण्यापूर्वी फोन गेला का, बाईबरोबर सिस्टर गेली का, रक्तगट आधीपासून कागदावर आहे का, यावर त्या दोन तासांचा निकाल लागतो. उलट दिशेनेही भागीदारी चालते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची विशेष तपासणी होते आणि खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्या दिवशी तिथे विनामूल्य सेवा द्यावी, अशी योजना आहे. पालकडच्या वस्तीतली जोखमीची गरोदर बाई नवव्या महिन्यात रात्री-अपरात्री जीपमधून येण्याऐवजी पाचव्या महिन्यात दिवसाउजेडी तज्ज्ञासमोर यावी, यासाठी याहून सोपी वाट नाही.

८. प्रमाणपत्र आणि नोंदणी

मान्यता ऐच्छिक आहे. जे डॉक्टर मुळातच जागरूक आहेत तेच पुढे येतात आणि ज्यांना सुधारणेची सर्वाधिक गरज आहे ते लांब राहतात, ही तिची मोठी मर्यादा. नोंदणी मात्र सक्तीची आहे. महानगरपालिकांबाहेरच्या गावांत नर्सिंग होमच्या नोंदणीचे काम जिल्हा पातळीवरच्या शासकीय यंत्रणेकडे असते. जानेवारी २०२१ मध्ये १९४९ च्या नोंदणी कायद्याखालचे नियम सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. या नियमांची तपासणी नियमित झाली, तर ऐच्छिक उपक्रमाला खाली भक्कम पाया मिळेल. तपासणी केवळ नूतनीकरणाच्या वेळी कागद पाहण्यापुरती राहिली, तर दर्जाचा सगळा भार डॉक्टरांच्या सद्‌भावनेवर पडेल, आणि तेवढ्यावर विसंबणे योग्य नाही.

कुटुंबाचा वाटाही यात आहे. सातव्या महिन्यात नर्सिंग होम ठरवायला जाताना बिलाबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. रात्री कोणती सिस्टर असते आणि ती शिकलेली आहे का? ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये असते का आणि वीज गेल्यावर फ्रीज कशावर चालतो? कळांच्या वेळी आईला आत थांबू देतात का? रक्त लागले तर ते कुठून येते आणि पाठवायची वेळ आली तर कुठे पाठवतात? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. घरातल्या दोघा-तिघांनी आपले रक्तगट तपासून ठेवावेत, ९ तारखेची तपासणी चुकवू नये. नोंदणीची मुदत तीन वर्षांची असते. नर्सिंग होमच्या भिंतीवर लावलेल्या नोंदणी प्रमाणपत्रावरची तारीख जाता जाता वाचून घ्यावी.